स्पर्श कळत नसलेल्या हातावर करंट: घरच्या टेन्स-ईएमएस यंत्राचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ओळख पटेल असे तपशील या लेखातून वगळले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

साठी ओलांडलेल्या एका बाईंना मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटून पक्षाघात झाला. शरीराची डावी बाजू लुळी पडली. पाय लवकर सावरला आणि काठीच्या आधाराने त्या घरात चालू लागल्या. हात मागे राहिला. खांदा सांध्यातून खाली ओघळला होता, मनगट लोंबत होते आणि बोटे हळूहळू आत वळत होती. मधुमेह बरीच वर्षे होता, गोळ्यांवर साधारण आटोक्यात. फिजिओथेरपीसाठी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पक्षाघाताला चार महिने झाले होते. मी त्यांना काकू म्हणत असे, इथेही तसेच म्हणते.

आधीच्या उपचारांच्या ठिकाणी त्यांना घरी वापरायला एक यंत्र सुचवले गेले होते. बॅटरीवर चालणारे, दोन चॅनेलचे, टेन्स आणि ईएमएस असे दोन्ही प्रकार एकाच डबीत असलेले. टेन्समध्ये त्वचेवरच्या पॅडमधून छोटे विद्युत पल्स देऊन नसा चेतवतात, म्हणजे वेदना कमी जाणवते. ईएमएसमध्ये करंट इतका देतात की स्नायू प्रत्यक्ष आकुंचन पावतो. डबी तीच, वायरी त्याच, पॅड तेच. पण दोन्हींचे हेतू वेगळे आहेत आणि मात्रा ठरवायची रीतही वेगळी आहे. या प्रकरणातला निम्मा गोंधळ तिथेच सुरू झाला.

घरात काकू, त्यांचे यजमान आणि मुलगी. यंत्र मुलगी लावत असे, एका खेपेला खांद्यावर आणि दुसऱ्या खेपेला हाताच्या पुढच्या भागावर. तिला यंत्र एकदा लावून दाखवले होते आणि एका कागदावर प्रोग्रामचा क्रमांक लिहून दिला होता. त्यापलीकडे काही नव्हते. तिने सगळे अतिशय मनापासून केले, हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचताना दोष तिच्याकडे जाऊ नये असे मला वाटते.

अडचण कशी लक्षात आली

काकू खांदा दुखतो म्हणून आल्या होत्या. बाही वर केली तेव्हा कोपराच्या खाली, हाताच्या मागच्या बाजूला एक खपली दिसली. तिच्या शेजारी दोन फोड होते, एक फुटलेला आणि एक भरलेला.

"हे कधी झालं?" मी विचारले.

"काय झालं?" काकूंनी मलाच विचारले.

मुलगी म्हणाली, "पॅडचा डाग आहे तो, मॅडम. लाल होतंच ना तिथे. आईला मी रोज विचारते, टोचतंय का, भाजतंय का. ती म्हणते, मला काही होत नाही."

काकू खरेच सांगत होत्या. त्यांना काही होत नव्हते, कारण त्या जागेवरून मेंदूपर्यंत फारसे काही पोचतच नव्हते. त्यात भर म्हणजे उजव्या मेंदूच्या पक्षाघातानंतर अनेकांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. तसेच काकूंचे झाले होते. ताटाच्या डाव्या कडेचा पदार्थ राहून जायचा, डावी चप्पल अर्धवट घातलेली असायची. असा माणूस हातावरचा फोड बघत नाही आणि बघितला तरी तो आपला वाटत नाही.

तपासणी

सगळ्यात आधी हाताची संवेदना तपासली. डोळे मिटायला सांगून कापसाचा स्पर्श, टोकदार-बोथट ओळखणे आणि गार-कोमट ओळखणे, तेही आधी उजव्या बाजूला, म्हणजे काकूंना प्रश्न कळला आहे याची खात्री होते. डाव्या खांद्यावर टोकदार-बोथटची उत्तरे दहापैकी नऊ वेळा बरोबर आली. कोपराच्या खाली मात्र दहापैकी चारच. दोनच उत्तरे असलेल्या प्रश्नात दहापैकी पाच तर नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात, म्हणजे तिथे काही कळत नाही असेच धरायचे. गार आणि कोमटमधला फरकही तिथे कळत नव्हता.

या तपासणीला पाच-सात मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही. तरीही घरी यंत्र देताना ती हमखास राहून जाते, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर.

टेन्सची मात्रा माणूस स्वतःच्या जाणिवेवर ठरवतो. 'जोरदार, पण सुसह्य' अशी झिणझिणी येईपर्यंत वाढवा, असे आपण सांगतो. यामागचा विचार १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या 'गेट कंट्रोल' सिद्धांतातून येतो. स्पर्शाची माहिती नेणाऱ्या जाड नसा चेतवल्या की पाठीच्या कण्याच्या पातळीवर वेदनेच्या संदेशाची वाट अडते. याचा अर्थ असा की झिणझिणी जाणवणे हा उपचाराचाच भाग आहे आणि तीच सुरक्षेची दोरीही आहे. करंट जास्त झाला तर माणूस "अगं, कमी कर" म्हणतो. ज्याला जाणवतच नाही, त्याच्या बाबतीत ही दोरी तुटलेली असते. उलट तो "अजून काही जाणवत नाही" म्हणतो आणि हात वाढवायच्या बटणाकडे जातो.

इथे तसेच झाले होते. मुलीने वहीत रोजचा आकडा लिहून ठेवला होता. सुरुवातीला २२, मग २६, मग ३०, शेवटच्या पानांवर ३८. वाढवण्याचे कारणही लिहिलेले होते: 'बोटं कमी हलतात'. ही वही नसती तर पुढचा उलगडा झालाच नसता.

जखम नेमकी कशाने झाली

पॅडखाली त्वचा लाल होण्याची तीन वेगवेगळी कारणे असतात आणि ती वेगळी करता आली पाहिजेत. संपूर्ण पॅडच्या आकाराची फिकट लाली, जी तासाभरात मावळते, ती नेहमीची. तिथे रक्तप्रवाह वाढलेला असतो, बाकी काही नाही. संपूर्ण पॅडच्या आकाराची, पण खाजणारी, बारीक पुरळ असलेली आणि दुसऱ्या दिवशीही टिकणारी लाली ही बहुधा जेलची किंवा चिकट थराची अॅलर्जी. आणि ठिपक्यांसारखे, कडेला किंवा वायर जोडलेल्या जागेपाशी उमटलेले फोड किंवा खपली म्हणजे भाजणे. काकूंच्या हातावर हा तिसरा प्रकार होता.

मी मुलीला पुढच्या भेटीत यंत्र, वायरी, पॅड, पुस्तिका, सगळे आणायला सांगितले. पॅड पाहिल्यावर फार शोधावे लागले नाही. गोल, ३.२ सेंटिमीटर व्यासाचे छोटे पॅड, दोन महिने रोज तेच वापरलेले. जेल वाळून तडकले होते, त्यावर त्वचेचा कोंडा आणि तंतू बसले होते. चिकटत नाहीत म्हणून वरून कागदी चिकटपट्टी लावत असत. हातावर ठेवून पाहिले तर जेमतेम पाव भाग त्वचेला टेकत होता.

आता थोडा हिशोब. पुस्तिकेप्रमाणे या यंत्राच्या पडद्यावरचा आकडा म्हणजे मिलीअँपिअर. प्रत्येक यंत्रात असे नसते. काहींत तो नुसता १ ते २० असा पायऱ्यांचा क्रमांक असतो, म्हणून एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्यावर कधीच वापरू नये. प्रोग्राम ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला पन्नास पल्सचा होता आणि पल्सच्या दोन्ही दिशांची रुंदी प्रत्येकी ३०० मायक्रोसेकंद. ३८ मिलीअँपिअरच्या शिखरमूल्याला यातून येणारे आरएमएस मूल्य, म्हणजे पल्समधला मोकळा वेळही धरून काढलेली करंटची एक प्रकारची सरासरी, साधारण ६.६ मिलीअँपिअर. गोल पॅडचे क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर. पूर्ण पॅड चिकटला असता तर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८ मिलीअँपिअर पडला असता. पाव भागच चिकटला तर तोच करंट दोन चौरस सेंटिमीटरमधून जातो आणि घनता ३.३ होते. नसा आणि स्नायू चेतवणाऱ्या यंत्रांसाठी आयईसी ६०६०१-२-१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. चौरस सेंटिमीटरला २ मिलीअँपिअर आरएमएसच्या पुढे घनता जात असेल तर वापरणाऱ्याने विशेष लक्ष द्यावे, अशी सूचना त्यात आहे.

शिवाय हे यंत्र स्थिर करंट देणारे. संपर्क कमी झाला तरी ते ठरलेला करंट आपल्या क्षमतेत बसेपर्यंत ढकलत राहते. पॅडची जागा कमी झाली म्हणून ते करंट कमी करत नाही. शाबूत संवेदना असलेल्या माणसाला अशा वेळी सुई टोचल्यासारखे होते आणि तो पॅड ओढून काढतो. काकूंना ते कळले नाही.

बोटे कमी हलण्याचे कारणही वाळलेले पॅडच होते. करंट शिरण्याची जागा स्नायूच्या योग्य बिंदूवरून सरकली, आकुंचन मंदावले, म्हणून आकडा वाढवला गेला आणि आकडा वाढवल्याने भाजले. दुरुस्ती पॅडमध्ये हवी होती.

रासायनिक भाजण्याची शक्यताही मी पडताळली. करंट एकाच दिशेने वाहत राहिला तर एका पॅडखाली आम्ल आणि दुसऱ्याखाली अल्क साचते आणि त्वचा होरपळते. पण या यंत्राचा तरंग पुस्तिकेत सममित, दोन्ही दिशांचा दिला होता आणि जखम एकाच पॅडच्या कडेला होती. त्यामुळे ती शक्यता बाजूला ठेवली.

यंत्रातच सापडलेली दुसरी गोष्ट

या यंत्रात एकूण किती तास वापर झाला हे दाखवणारी नोंद होती. मुलीच्या वहीतली बेरीज आणि यंत्राची बेरीज जुळत नव्हती. यंत्र जास्त चालले होते. शेवटचा वापरलेला प्रोग्रामही तिने लावलेला नव्हता.

मुलगी गोंधळली. काका शेजारी बसले होते. ते थोडे थांबून म्हणाले, "मी लावलं होतं. कंबर धरली होती. हिचं झालं की दुपारी पडूनच असतं ते."

काकांच्या छातीत पेसमेकर आहे.

पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके ऐकत असतो आणि ठोका चुकला तरच स्वतः ठोका देतो. बाहेरून येणारे टेन्सचे पल्स त्याला हृदयाचे ठोके वाटू शकतात. मग गरज असतानाही तो गप्प राहतो. चक्कर येणे, शुद्ध हरपणे इथपर्यंत ते जाऊ शकते. हृदयात बसवलेला डिफिब्रिलेटर असेल तर तो हीच गोष्ट जीवघेणी लय समजून नको असलेला झटका देऊ शकतो. म्हणून अशी उपकरणे बसवलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञाच्या स्पष्ट संमतीशिवाय आणि देखरेखीशिवाय टेन्स किंवा ईएमएस वापरायचे नाही. घरात एकट्याने तर नाहीच. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर हे लिहिलेले होते. पण ती पुस्तिका काकूंसाठी आलेली, काकांनी ती वाचावी असे कुणाच्या मनात येणार?

काकांना चक्कर किंवा छातीत धडधड असे काही झाले नव्हते. तरी त्याच दिवशी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना कळवले आणि पेसमेकरची नोंद तपासून घ्यायला सांगितले. कंबरदुखीचे कारणही तोवर कुणी पाहिलेले नव्हते. कारण न कळलेली वेदना यंत्राने दाबून टाकणे हे पेसमेकर नसलेल्या माणसानेही टाळावे, इतके काकांना सांगून त्यांच्या कमरेची वेगळी तपासणी ठरवली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळे बंद करण्याचा. हातावर जखम, मधुमेह, संवेदना नाही, डाव्या बाजूकडे लक्ष नाही आणि घरात पेसमेकरवाला माणूस. या बाजूने बोलायला भरपूर होते आणि मुलीलाही तेच हवे होते. ती घाबरली होती. "मला नको ते यंत्र, मॅडम," ती म्हणाली. पण पक्षाघातानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत ओघळलेल्या खांद्यासाठी स्नायूंचे विद्युत-उद्दीपन उपयोगी पडते, जुन्या पक्षाघातात तितके नाही. आमच्या हाताशी थोडाच काळ उरला होता. भीतीपोटी तो घालवायचा का, हा खरा प्रश्न होता.

दुसरा पर्याय नवे पॅड घेऊन जुनाच क्रम चालू ठेवण्याचा. सोपा आणि चुकीचा. पॅड नवे असले तरी कोपराखाली मात्रा कशावर ठरवायची, हा प्रश्न तसाच राहिला असता.

तिसरा पर्याय शरीराचे दोन भाग वेगळे धरण्याचा. खांद्याला संवेदना आहे, तिथे जाणिवेवर विसंबता येते. कोपराखाली संवेदना नाही, तिथे टेन्स अजिबात नाही. ईएमएस द्यायचे तर मात्रा काकूंच्या उत्तरावर न ठरवता डोळ्यांना दिसणाऱ्या हालचालीवर ठरवायची. मनगट उचलले गेले की थांबायचे. त्यापुढे एक पायरीही नाही, बाकी काहीही जाणवो न जाणवो.

चौथा पर्याय कोपराखालचे उद्दीपन फक्त क्लिनिकमध्ये, माझ्यासमोर देण्याचा. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा सर्वांत चांगला. पण काकूंना रोज आणणे घराला झेपणारे नव्हते आणि आठवड्यातून एक-दोन वेळच्या उद्दीपनाने फारसे हाती लागत नाही.

चर्चेला काकूंना बसवले होते. तोवर त्यांच्या हाताबद्दलचे निर्णय त्यांच्या डोक्यावरून होत होते. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "हात हलताना दिसतो तेव्हा बरं वाटतं. पण भाजलेलं मला कळणार नसेल तर तुम्ही बघायला हवं."

आम्ही तिसरा आणि चौथा एकत्र केला. खांद्याचे उद्दीपन घरी. कोपराखालचे आधी काही आठवडे फक्त माझ्यासमोर, आणि तेही जखम पूर्ण भरल्यावर. मुलीचा हात बसला की मगच घरी.

काय केले

जखम आधी डॉक्टरांना दाखवली. फोड फोडायचा नाही, ड्रेसिंग, साखरेवर लक्ष. त्या जागी आणि आसपास पॅड नाही.

मग यंत्र लावण्याआधीचे प्रश्न नव्याने विचारले. पक्षाघातानंतर आकडीचे (फिटचे) झटके आले का, पोटरीला सूज किंवा गरमपणा आहे का, कर्करोगाचा इतिहास आहे का, शरीरात कुठले उपकरण बसवले आहे का. सगळ्यांची उत्तरे नाही अशी आली. शेवटचा प्रश्न आता मी नेहमी जोडते: घरात आणखी कोण कोण आहे आणि त्यांच्यापैकी कुणाला काय आहे?

पॅड बदलले. ५ बाय ५ सेंटिमीटरचे चौकोनी, म्हणजे २५ चौरस सेंटिमीटर. तोच ३८ चा आकडा या पॅडवर पूर्ण संपर्कात चौरस सेंटिमीटरला ०.३ च्याही खाली राहतो. प्रत्यक्षात तितका लागलाही नाही, खांद्यावर २५ ते ३० च्या दरम्यान चांगले आकुंचन मिळाले. पॅडच्या पाकिटावर पहिल्या वापराची तारीख लिहायची आणि कडा उचलली जाऊ लागली की तो पॅड टाकून द्यायचा, तारीख काहीही असो. चिकटपट्टीने डकवून वापरायचा नाही.

खांद्यावर एक पॅड खांद्याच्या फऱ्याच्या उंचवट्याच्या वरच्या खोलगट भागात आणि दुसरा खांद्याच्या मागच्या बाजूला. प्रोग्राम ३५ हर्ट्झ, पल्स ३०० मायक्रोसेकंद, दहा सेकंद चालू आणि तीस सेकंद बंद. करंट हळूहळू चढण्यासाठी दोन-तीन सेकंद. बंद वेळ इतका मोठा का, असे मुलीने विचारले. विद्युत-उद्दीपनात दर वेळी तेच स्नायुतंतू एकदम ओढले जातात, आपण स्वतः हात हलवताना जशी पाळी बदलते तशी ती बदलत नाही. त्यामुळे स्नायू लवकर थकतो आणि थकलेल्या स्नायूवर करंट वाढवण्याचा मोह पुन्हा होतो. सुरुवात पंधरा मिनिटांनी केली.

चूक ओळखण्याची खूणही दाखवली. खांदा कानाकडे उचलला गेला तर पॅड मानेच्या फार जवळ गेला आहे. तो बाहेर सरकवायचा, पण त्याआधी करंट शून्यावर आणायचा. मानेच्या पुढच्या बाजूला पॅड कधीच नाही. तिथल्या धमनीतल्या दाबाच्या जाणिवेशी खेळ झाला तर रक्तदाब आणि नाडी अचानक खाली जाऊ शकते. छातीवरून आरपार नाही, डोक्यावर नाही, डोळ्यांवर नाही. आंघोळीत, झोपेत किंवा चार्जरला लावलेले असताना नाही.

कागदावरचा आकडा काढून टाकला. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत उपयोगी बदल. आकडा लिहून दिला की माणूस आकड्याशी बांधला जातो. नवा पॅड, घामेजलेली त्वचा, पॅड बोटभर इकडे-तिकडे, यातल्या कशानेही तोच आकडा वेगळे काम करतो. त्याऐवजी मुलीच्या फोनवर दोन छायाचित्रे काढून दिली. एकात पॅड कुठे असतात ते आणि दुसऱ्यात आकुंचन झाले की खांदा कसा दिसतो ते. दर वेळी शून्यापासून सुरुवात करायची आणि दुसऱ्या चित्रासारखे दिसले की थांबायचे.

त्वचा यंत्र लावण्याआधी, पाच मिनिटांनी एकदा पॅडची कडा उचलून (करंट शून्यावर आणून) आणि संपल्यावर पाहायची. तासाभराने पुन्हा पाहायची. लाली तशीच असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी आणि मला फोन. काकूंनाही या पाहण्यात सामील केले. डावा हात त्यांच्यासमोर ठेवून उजव्या हाताने त्याच्यावरून फिरवायचे आणि काय दिसते ते बोलून दाखवायचे. डाव्या बाजूकडे लक्ष वळवण्याचा तो व्यायामही झाला.

यंत्र वापर झाल्यावर कपाटात, किल्ली मुलीकडे. काकांनी स्वतःच सुचवले की डबीवर मोठ्या अक्षरांत 'पेसमेकर असणाऱ्यांनी लावू नये' असे चिकटवावे, आणि ते त्यांनीच लिहून चिकटवले.

याच काळात खांदेदुखीचे आणखी एक कारण दिसले. ब्लाउज घालताना डावा हात मनगटाला धरून वर ओढला जात होता. ओघळलेल्या सांध्याला ते सोसत नाही. आधी डावी बाही, हात दंडाला आणि कोपराला आधार देऊन. बसताना हाताखाली उशी. हे यंत्राचे काम नव्हते, पण ते केले नसते तर यंत्र व्यर्थ गेले असते.

परिणाम

जखम तीन आठवड्यांत भरली, थोडा काळसर डाग राहिला. काकांच्या पेसमेकरची तपासणी व्यवस्थित आली आणि त्यांच्या कमरेला व्यायामाने बराच आराम पडला.

कोपराखालचे उद्दीपन जखम भरल्यावर माझ्यासमोर सुरू केले. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंवर पॅड बसवताना पहिल्या काही वेळा करंट पसरून बोटे उलट मिटत होती. पॅड थोडा बाहेरच्या बाजूला सरकवल्यावर मनगट सरळ उठू लागले. मुलीने ते स्वतः लावून, स्वतः चूक ओळखून, स्वतः सुधारून दाखवले त्यानंतरच ते घरी नेले. पुन्हा फोड आला नाही. एकदा लाली दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली. मुलीने फोन केला, दोन दिवस थांबलो, पॅड बदलले आणि प्रश्न मिटला.

तीन महिन्यांअखेर खांद्याच्या सांध्यातली फट दीड बोटावरून एका बोटाच्या आत आली. कपडे घालतानाचे दुखणे जवळपास गेले. ते मुख्यतः हात ओढणे थांबल्यामुळे गेले असे माझे मत आहे. टेबलावर आडवे ठेवलेले मनगट काकू यंत्राशिवाय थोडे मागे नेऊ लागल्या. त्यातला किती वाटा यंत्राचा, किती सरावाचा आणि किती निसर्गतः होणाऱ्या सुधारणेचा, हे एका रुग्णावरून वेगळे काढता येत नाही. बोटे उघडण्यात फारसा फरक पडला नाही.

काय वेगळे करता आले असते

संवेदनेची तपासणी यंत्र घरी जाण्याआधी व्हायला हवी होती. ती झाली असती तर कोपराखाली पॅड लागलेच नसते, निदान एकट्याने नाही. पक्षाघात, मधुमेहाने बधिर झालेली पावले, कण्याची इजा अशा कुणालाही यंत्र सुचवताना ही तपासणी लिखित नोंदीत असावी आणि काही आठवड्यांनी पुन्हा व्हावी. काकूंच्या बाबतीत तीन महिन्यांनी कोपराखाली टोकदार-बोथट दहापैकी सहा आले. ते सुधारल्यासारखे वाटते, पण मात्रा जाणिवेवर सोपवण्याइतके नाही. म्हणून नियम बदलला नाही.

पहिल्या आठवड्यात एक फोन किंवा एक भेट पुरली असती. वाळलेला पॅड आणि चढता आकडा दोन्ही तिथेच दिसले असते. मुलीची वही कुणी वाचलीच नव्हती. घरच्यांनी लिहिलेली नोंद दर भेटीत उघडून पाहायची, ही सवय मी या प्रकरणानंतर घट्ट केली.

कोपराखालचे घरचे उद्दीपन सुरू करण्याचा निर्णय मात्र आजही वादाचा आहे. माझ्या एका सहकारी फिजिओथेरपिस्टचे मत आहे की संवेदना इतकी कमी असताना ते क्लिनिकबाहेर जायलाच नको होते, कारण मुलगी कितीही दक्ष असली तरी एक दिवस ती दमलेली असेल, घाईत असेल. त्यात तथ्य आहे. मुलीच्या जागी सतत बदलणारी मदतनीस असती तर मीही नाही म्हटले असते.

आणखी एक गोष्ट आधीपासून ठरवायला हवी होती: थांबायचे कधी. सुरुवातीच्या सल्ल्यात मुदत नव्हती, म्हणून यंत्र चालूच राहिले आणि दुपारी मोकळे पडलेले यंत्र काकांच्या हाती लागले. दुसऱ्या खेपेला बारा आठवड्यांची मुदत घातली होती. ती संपल्यावर पुन्हा मोजमाप केले. खांद्याची फट मागच्या चार आठवड्यांत आणखी कमी झालेली नव्हती. मुलगी आणखी महिनाभर चालू ठेवायला तयार होती. काकू म्हणाल्या, आता हात त्या स्वतः हलवून बघतील. खांद्याचे उद्दीपन थांबवले, मनगटाचे आठवड्यातून तीन दिवसांवर आणले आणि उरलेला वेळ हाताने प्रत्यक्ष कामे करण्याच्या सरावाला दिला.